आवळण्याचं माप

काशिमिऱ्याच्या नाक्यावरून दहिसरकडे निघा किंवा फाउंटन हॉटेलकडे, रस्त्याच्या कडेला टायरचे ढीग आणि त्यांच्यामागे धडधडणारा कॉम्प्रेसर दिसतोच. पिकअप येऊन उभी राहते. जॅक लागतो, चाक उतरतं, पंक्चर निघतं, चाक पुन्हा चढतं आणि हवेची गन घर्रर्र करत सगळ्या नटांवरून एकामागून एक फिरते. सगळा कारभार अर्ध्या तासाच्या आतला. शेवटी क्लीनर टायरला एक लाथ मारतो. या लाथेने नेमकं काय कळतं हे त्याला विचारलं तर तो हसेल. पण ती मारल्याशिवाय गाडी हलत नाही.

पुढची पानं त्या लाथेच्या आधीच्या दोन मिनिटांबद्दल आहेत. पिकअपच्या चाकाचे नट आवळणं हे काम इतकं लहान, की ते शिकावं लागतं असं कुणाला वाटत नाही. ड्रायव्हिंग शिकवणारा क्लच शिकवतो, रिव्हर्स शिकवतो, पोलिसाने हात दाखवला तर काय करायचं तेही शिकवतो. नटांबद्दल एवढंच सांगितलं जातं, की घट्ट बसले पाहिजेत. पण घट्ट म्हणजे किती? इथे प्रत्येकाचा दंड हेच प्रत्येकाचं माप.

मीरा-भाईंदरमध्ये या प्रश्नावर रोजच्या रोज भार पडतो. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेलं हे शहर मुंबईची हद्द संपते तिथे सुरू होतं. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि मधून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग. लोकलने जाणारी माणसं मोजता येतात. टेम्पोने जाणारा माल कुणी मोजत नाही. उत्तन, चौक, पालीच्या किनाऱ्यावरून मासळी निघते. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टीलची भांडी निघतात आणि त्याच गाळ्यांकडे पत्र्याचे जड गठ्ठे येतात. मीरा रोडच्या नव्या इमारतींसाठी टाइल्स, प्लायवूड आणि सिमेंट येतं. महिनाअखेरीला भाडेकरूंचं सामान एका इमारतीतून दुसरीत जातं. यातला मोठा वाटा छोट्या मालवाहू गाड्यांवर आहे. २००५ मध्ये टाटांची एस आली आणि लोकांनी तिला लगेच ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. तिच्याहून जड कामाला बोलेरो पिकअप आणि तिच्यासारख्या गाड्या. गल्लीत शिरणारी, महामार्गावर धावणारी आणि मालकाच्या मनात तिची क्षमता कागदावरच्या आकड्यापेक्षा नेहमी थोडी जास्त असणारी, अशी ही जात.

या गाड्यांना चाकामागे चार, पाच किंवा सहा नट असतात. त्यांच्यावर गाडी उभी असते, असं आपण सहज म्हणून जातो. तिथेच पहिली गफलत होते.

चाक बोल्टांना टांगलेलं आहे, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. भिंतीतल्या खिळ्याला कॅलेंडर टांगावं तसं. प्रत्यक्षात नट आवळला, की हबमधून बाहेर आलेला बोल्ट ताणला जातो. पोलादही ताणतं, अगदी जरासं, आणि मग मूळ लांबीवर येण्यासाठी धडपडतं. त्या धडपडीने तो रिमला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे दोन सपाट पृष्ठांमध्ये जे घर्षण तयार होतं, ते चाकाला जागच्या जागी धरून ठेवतं. गावाकडचा लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवायचा, तेव्हा हेच करायचा. धाव चाकापेक्षा किंचित लहान असे. शेण्यांच्या आगीत ती लाल करायची, प्रसरण पावली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. फस्स करून वाफ उठायची, लोखंड आकसायचं आणि पाटे, आरे, तुंबा असं सगळं लाकूड एकमेकांत गच्च बसायचं. लोखंडाची आखडण्याची ओढ कामाला लावायची, ही युक्ती त्याला न्यूटनचं नाव न ऐकता ठाऊक होती.

आता आकडे. बारा मिलिमीटर जाडीचा बोल्ट शंभर न्यूटन मीटरने आवळला, आटे स्वच्छ आणि कोरडे असले, तर ढोबळ हिशेबाने एकेक नट चार टनांच्या आसपास दाब देतो. पाच नट म्हणजे वीस टन. ज्या पिकअपचं भरलेलं वजन तीन टनांच्या घरात आहे, तिच्या एका चाकाला वीस टनांची पकड असते. यासाठी बोल्ट ताणतो किती? साधारण मिलिमीटरचा विसावा भाग. एवढ्याशा ताणावर सगळा संसार उभा आहे.

आणि म्हणूनच रंगाचा डबा हा चाकाचा शत्रू ठरू शकतो.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं, बोलीभाषेत ‘पासिंग’. पासिंगच्या आधी गाडी सजते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा असते, तेव्हाही सजते. रिमला चंदेरी किंवा पिवळ्या ऑइल पेंटचा हात बसतो आणि रंगवणारा माणूस मन मोठं ठेवून आतल्या बाजूलाही ब्रश फिरवतो, नटाच्या बैठकीतही फिरवतो. दोन-तीन हात दिले, की रंगाच्या थराची जाडी बोल्टाच्या ताणाच्या मापात जाऊन बसते. नट आवळला जातो तो रंगावर. गाडी धावते, ब्रेकचा ड्रम तापतो, रंग मऊ होऊन दबतो, झिजतो, पावडर होऊन उडतो. नट जागचा हललेला नसतो, पण त्याखालचा मिलिमीटरचा काही अंश गेलेला असतो आणि त्याबरोबर बराच ताणही. चंदेरी रिमची गाडी पासिंग होऊन दिमाखात बाहेर पडते. पकड मात्र अर्ध्यावर आलेली.

गंजही हेच करतो आणि या शहरात त्याचं माहेर आहे. खाडीकाठची मिठागरं आता आक्रसली, तरी खारी हवा तीच आहे. त्यात मासळीची गाडी. बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून झिरपतं आणि नेमकं मागच्या चाकांवर ठिबकत राहतं. उत्तनहून निघालेली गाडी मागे ओली रेघ सोडत जाते, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. मागच्या स्कूटरवाल्याने जरा जास्तच जवळून. या पाण्याने हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे धरतात. त्या पापुद्र्यांवर रिम बसवून कितीही जोर लावला, तरी पापुद्रे चुरडले की नट ढिला पडतो. उपाय तारेचा ब्रश. हबचं तोंड, रिमची आतली बाजू आणि नटाची बैठक धातूचा रंग दिसेपर्यंत घासायची. दोन मिनिटांचं काम. पण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागता येत नाहीत, त्यामुळे ते होत नाही.

गंज म्हटला की पुढचा हात तेलाच्या डब्याकडे जातो. नट सहज फिरावा, पुढच्या वेळी अडकू नये, म्हणून आट्यांना ग्रीस फासायचं. हेतू चांगला, परिणाम उलटा. नट फिरवताना आपण जो जोर लावतो त्यातला सुमारे नव्वद टक्के जोर घर्षण खाऊन टाकतं, निम्मा नटाच्या बुडाशी आणि बाकीचा आट्यांमध्ये. उरलेल्या दहा टक्क्यांत बोल्ट ताणला जातो. वंगण घातलं की घर्षणाचा वाटा घटतो आणि वाचलेला जोर बोल्टावर जातो. कोरड्या आट्यांवर चार टन देणारा तोच आकडा तेलकट आट्यांवर सहा-सात टनांवर पोचू शकतो. पोलाद एका मर्यादेपलीकडे ताणलं, की परत येत नाही. मग नट दिसायला घट्ट, पण बोल्ट लोंबलेल्या रबरासारखा. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलेलं नसेल, तर आटे साफ आणि कोरडे ठेवायचे. पुस्तिका बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्याच्या कागदांखाली, न उघडलेली असते. ती उघडावी, नटांचा आकडा शोधावा आणि दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.

नट कोणत्या क्रमाने आवळायचे, हे समजायला गॅरेजपेक्षा तबलजीकडे जावं. तबला लावताना तो एका घरावर हातोडी मारून शेजारच्या घराकडे सरकत नाही. समोरचं घर ठोकतो, मग आडवं, मग त्याच्या समोरचं. शेजारी-शेजारी ठोकत गेलं, तर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि सूर फाटतो. चाकाचंही तसंच. एकापाठोपाठ एक नट आवळत गेलं, की रिम एका बाजूने आधी टेकते, दुसरी बाजू किंचित उघडी राहते आणि तिथला नट ‘आवळला’ असं खोटंच सांगतो. पाच नट असतील, तर पेन न उचलता चांदणी काढावी तसं जायचं. चार असतील तर फुली. सहा असतील तर समोरासमोरच्या जोड्या. आधी सगळे नट हाताने, मग पान्याने अर्धवट आणि चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा जोर. पहिले दोन-तीन फेरे हाताने फिरवण्याला कारण आहे: नट आट्यांवर तिरका चढला तर बोटांना कळतं, गनला कळत नाही. गन तिरक्या नटालाही तेवढ्याच उत्साहाने आत घालते आणि आटे खाऊन टाकते.

या गनबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. ती वाईट नाही, ती बहिरी आहे. नट सोडवायला तिच्यासारखं हत्यार नाही. पण पिकअपच्या बहुतेक नटांना हवा असतो शंभर ते दोनशे न्यूटन मीटरच्या आतबाहेरचा पीळ आणि टायरच्या दुकानातली दणकट गन याच्या दुप्पट-तिप्पट सहज देते. ‘फुल्ल टाइट केलंय, बिनधास्त जा,’ असं दुकानदार म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. खरं संकट त्याच ‘फुल्ल’मध्ये असतं. पुढच्या वेळी चाक उतरवायची पाळी गायमुखच्या चढावर, पावसात, रात्री अकराला येते आणि गाडीतल्या एल पान्याने नट हलत नाही. मग पान्यावर पाइप चढतो आणि पाइपवर क्लीनर. सत्तर किलोचा माणूस अर्धा मीटर लांब पाइपच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर साडेतीनशे न्यूटन मीटरच्या आसपास पीळ पडतो. सोडवताना ठीक. पण पुन्हा बसवताना तोच क्लीनर त्याच पाइपवर उड्या मारतो. ‘परत सुटायला नको.’

यावरचं हत्यार जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पाणी खात्यात कॉनरॅड बार नावाचा माणूस होता. जमिनीखालच्या नळांचे बोल्ट कामगार हाताच्या अंदाजाने आवळत, कधी कमी, कधी तुटेपर्यंत. ठरलेला पीळ मोजून देणारा पाना त्याने बनवला, त्याला शतक उलटून गेलं. आजचा टॉर्क पाना त्याचाच वंशज: आकडा लावायचा, ओढायचं, ‘टक’ झालं की थांबायचं. खात्री म्हणून आणखी दोनदा टकटक करायची नाही. प्रत्येक टक थोडा थोडा जास्तच आवळते. काम झालं की आकडा खाली आणून ठेवायचा आणि नट सोडवायला हा पाना चुकूनही वापरायचा नाही. साधा टॉर्क पाना पिकअपच्या एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडतो. तरीही रस्त्यावरच्या दुकानात तो क्वचित दिसतो, कारण गिऱ्हाईक तो मागत नाही. सराफाकडे तराजू नसता, तर आपण दुकानात शिरलो असतो का?

पाना नसेल त्या रात्रीचं काय? गाडीसोबतचा पाना सुमारे तीस सेंटिमीटरचा असतो. त्याच्या टोकाशी पंचवीस किलोंच्या जोराने ओढलं, तर पीळ सत्तर न्यूटन मीटरच्या थोडा वर जातो. पस्तीस किलोंनी शंभरच्या वर. म्हणजे पाइप न लावता, पाय रोवून, अंगाचा भार टाकून ओढलं, तर घरी पोचण्यापुरतं होतं. पोचल्यावर मोजून घ्यायचं.

बसवलेलं चाक पुन्हा तपासायचं, हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा भाग. नवा आवळलेला जोड धावताना बसतो: उरलासुरला रंग, गंज, धातूवरचे बारीक उंचवटे दबतात आणि ताण थोडा उतरतो. म्हणून ऐंशी ते दीडशे किलोमीटरनंतर नट परत एकदा मोजून पाहायचे असतात. हा आकडा पुस्तकात परका वाटतो. इथे तो घरचा आहे: भाईंदरहून घोडबंदर रोडने ठाणे, पुढे वाशीच्या मार्केटला माल टाकून परत, की एवढं अंतर होतंच. म्हणजे चाक बदलल्यावर वाशीची एक खेप झाली, की पाना काढायचा. इंजिन आणि चाकं थंड झाल्यावर, चहाच्या आधी.

नट सुटतो कसा, यावर माणसांनी बरंच डोकं लावलं आहे. बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणारे हादरे त्याला सैल करतात, असा समज दीर्घकाळ होता. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोग मांडून दाखवलं, की खरा चोर आडवा हादरा आहे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की आट्यांतलं घर्षण जणू रजेवर जातं आणि नट स्वतःहून उलटा फिरायला लागतो. पुरेसा दाब असेल तर भाग सरकतच नाहीत आणि नट जागचा हलत नाही. म्हणजे सैल नट सैल होत जातो आणि घट्ट नट घट्ट राहतो. मधली अवस्था फार वेळ टिकत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांतून वळताना चाकावर येणारा भार आडवाच असतो, हे वेगळं सांगायला नको.

इथे डाव्या बाजूचं एक कोडं येतं. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. तिथे अवजड गाड्यांच्या सुटणाऱ्या चाकांचा अभ्यास झाला, तेव्हा मागच्या डाव्या बाजूची चाकं जास्त सुटतात असं दिसलं. साध्या, उजव्या आट्यांचा नट डाव्या चाकावर असला आणि एकदा सैल झाला, की चाकाची पुढे जाण्याची दिशा त्याला आणखी सोडवते. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना याच कारणासाठी उलटे, डावे आटे असत. महिंद्रांनी मुंबईत हीच जीप जोडायला घेतली आणि त्या घराण्याच्या आजच्या पिकअप आपल्या रस्त्यांवर धावतात. जुनी जीप सोडवताना डाव्या चाकाशी झटून बोल्ट तोडलेले मेकॅनिक अजून भेटतात. सोडवतोय असं समजून ते आवळत होते. आजच्या छोट्या गाड्यांना दोन्हीकडे उजवे आटेच असतात, त्यामुळे घाईच्या सकाळी एकच चाक तपासायला वेळ असेल, तर मागचं डावं तपासावं.

चाक सुटण्याआधी बोलतं. नटाभोवती गंजाचे ओघळ चांदणीसारखे पसरलेले दिसतात. नटाच्या बुडाशी रंग उडून चकचकीत कडी उमटते. सावकाश चालवताना एका लयीत ‘टक-टक’ येतं आणि वेग वाढला की थांबल्यासारखं वाटतं. थांबलेलं नसतं, इतर आवाजांत बुडालेलं असतं. रिमची भोकं अंडाकृती झाली, तर ती रिम भंगारातच जायला हवी. प्रत्यक्षात ती स्टेपनी म्हणून हौद्याखाली जाऊन बसते. स्टेपनी हा शब्दही गंमतशीर. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावी, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा काढला. त्या काळी गाड्यांबरोबर जादा चाक मिळत नसे. विलायतेत तो शब्द आज जवळपास विसरला गेला. आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्याच्या तोंडी रोज आहे.

दोष कुणाचा, याबद्दल दोन देशांची रीत पाहण्यासारखी आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९९५ मध्ये ट्रकच्या उडालेल्या चाकांनी दुसऱ्या गाड्यांतल्या माणसांचे जीव घेतले. १९९७ मध्ये तिथे कायदा आला: व्यावसायिक गाडीचं चाक सुटलं की गाडी चालवणाऱ्या कंपनीचा गुन्हा झालाच, काळजी घेतली होती हा बचाव चालत नाही आणि दंड पन्नास हजार डॉलरपर्यंत. चाक बसवणाऱ्यालाही प्रशिक्षणाचा दाखला लागतो. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलम वेगळ्या भाषेत बोलतं. गाडीतला दोष माहीत असून किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असताना ती रस्त्यावर आणणं, हा गुन्हा. ‘साधी काळजी’ म्हणजे काय, हे कलम सांगत नाही. पाच मिनिटं आणि एक पाना, एवढी तरी ती नक्कीच आहे.

मार्च २०२३ मध्ये वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा नवा पूल खुला झाला. जुन्या पुलाच्या दुरुस्त्यांच्या काळात तिथे तासन्‌तास तुंबलेल्या गाड्या आता वेग घेतात, तेव्हा चाकाकडे पाहण्याची सक्तीची फुरसतही गेली. कोंडीत अडकलेला ड्रायव्हर निदान खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारायचा.

पुढच्या पानांत मॉडेलवार आकडे नाहीत. ते प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत आहेत आणि तिथूनच घ्यावेत. इथे आहे ती हातांची सवय: चाकाला दगड कधी लावायचा, नट जमिनीवरच अर्धा फेरा का सोडवायचे, निमुळती बाजू आत कशी बसते आणि आवळून झाल्यावर नटावरून रिमवर रंगाची एक बारीक रेघ कशी ओढायची. ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला. ब्रश, रेघ ओढायचा पांढरा रंग आणि पाना सीटखालच्या एकाच डब्यात ठेवावेत. सुरुवात ब्रशपासून आहे.